खांदा मास्तरांचा, सुई पायात

सुईबद्दल मास्तरांना कुणी काही शिकवायचं नाही! हा त्यांच्या शिवणदुकानाचा पहिला कायदा. दुकानात कारागीर एकच, म्हणजे ते स्वतः, त्यामुळे तो आजवर कुणी मोडलाही नव्हता. दुसरा कायदा त्याहून कडक. सुई टेबलावर ठेवायची नाही, जमिनीवर तर नाहीच नाही! ती कापडात नाहीतर हातात. आणि दोन्हीकडे सोय नसेल तर शर्टाच्या डाव्या कॉलरच्या दुमडीत. उजव्या हाताने खोचायची, उजव्या हाताने उपसायची. मास्तरांच्या त्या दुमडीत कायम दोनचार टाचण्या मुक्कामाला असत. त्यामुळे घरात कुणाला मास्तरांविषयी माया दाटून आलीच, तर ती डाव्या बाजूने दाखवायची सोय नव्हती.

“मी तर सगळा संसार ह्यांच्या उजव्या अंगाने केलाय,” मास्तरीणबाई म्हणत.

आणि नेमकं तेच उजवं अंग रुसलं! खांदा आखडला. हात शर्टाच्या खिशापर्यंत यायचा आणि तिथे अडून बसायचा. आणखी वर न्यायचा म्हटलं की खांद्यातून अशी कळ उठायची, की मास्तरांच्या तोंडून येणारा शब्द ऐकून दाराशी उभं गिऱ्हाईक परत जायचं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत आहे म्हणाले, व्यायाम सांगितले, धीर धरा म्हणाले.

धीर धरायला वेळ कुठे होता! टेबलावर मोतिया रंगाचं रेशीम पसरलं होतं. सायीसारखं मऊ, फुंकर मारली तर लाटा उठाव्यात असं. ते लेकीच्या लग्नाच्या झग्याचं कापड. ही लेक लहानपणी ह्याच टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायची. वर कात्री चालायची, खाली इवलासा श्वास चालायचा, आणि मास्तर स्वतःच रचलेलं गुणगुणायचे:

पुढं पुढं सुई चाले, मागं मागं दोरा येई,
चिंध्यांच्या गादीवर लेक माझी झोप घेई.

तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, हिच्या लग्नाचा झगा मी बेतणार, मी कापणार, दुसऱ्या कुणाची कात्री त्याला लागणार नाही. आता खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या, लग्न उंबऱ्याशी आलं होतं, आणि मोठी कात्री उचलणारा हात खिशाशी धरणं धरून बसला होता!

“अहो, मी काय म्हणते,” मास्तरीणबाई एकदा भीत भीत म्हणाल्या, “समोरून तयारच घेतला तर?”

समोरून! समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं रेडीमेडचं दुकान! जिथे माणसाचं माप न घेता त्याला कपडे विकतात! जिथे गोल गळ्याचे बनियनवजा शर्ट दोरीला फाशी दिल्यासारखे लटकलेले असतात! मास्तर त्या रात्री भिंतीकडे तोंड करून जेवले.

अशा वेळी संकटात भर घालायला मेहुणा हवाच. तो आलाच.

“दाजी, ॲक्युपंक्चर करा! सुया टोचतात, दुखणं पळतं. माझ्या ओळखीचे एक प्रोफेसर आहेत. सायकलच्या दुकानाच्या वर, माडीवर बसतात.”

“सुया?” मास्तर गरजले. “मला? सुया? जन्मभर मी सुई धरली, आता ती मला धरणार?”

पण रेशमाकडे नजर गेली आणि मास्तर चपला घालू लागले.

प्रोफेसरांच्या खोलीत भिंत दिसत नव्हती, इतकी प्रमाणपत्रं लटकवलेली. त्यातलं एक पोहण्याचं होतं. प्रोफेसरांनी बिस्किटांचा डबा उघडला, त्यातून एक सुई काढली आणि शर्टाच्या टोकाला पुसली.

“थांबा!” मास्तरांनी ती हिसकावून घेतली, उजेडात धरली आणि अंगठ्याच्या नखावरून ओढली. “बोथट! ही आधी किती जणांच्या अंगात जाऊन आलीय?”

“सुईला शक्ती चढते तशाने,” प्रोफेसर हसले.

“गंज चढलाय तिला! अहो, गिऱ्हाइकाच्या विजारीला जी सुई मी लावणार नाही, ती तुम्ही गिऱ्हाइकाला लावता?” मास्तर जिना उतरले ते प्रोफेसरांच्या प्रमाणपत्रांचा उद्धार करतच. मागून मेहुणा म्हणत होता, “दाजी, अहो, पोहण्यातसुद्धा पहिला नंबर आहे त्यांचा!”

घरी आल्यावर लेकीने कपाळावर हात मारला. लेक औषधांच्या दुकानात काम करायची, त्यामुळे तिला अशा गोष्टींची जाण होती.

“मामा, दुखणाऱ्या माणसाला कुणाच्याही हातात द्यायचं असतं का? आधी विचारायचं, शिक्षण कुठे झालं? सरकारदरबारी नोंदणी आहे का? सुया पाकीटबंद, एकदाच वापरून फेकायच्या आहेत का?”

“एवढं विचारलं तर लोकांना राग येतो गं.”

“ज्याला राग येतो त्याच्याकडे जायचंच नाही!”

मग तिने फोन लावले. एकाने नोंदणीचं नाव काढताच घाईत असल्याचं सांगून फोन ठेवला, आणि एकाने खांदा, मधुमेह आणि कोर्टकचेरी तिन्हींवर एकाच बैठकीत गुण येईल अशी हमी दिली. शेवटी दोन चौक पलीकडच्या एक डॉक्टरीणबाई सापडल्या. त्यांनी आपणहून नोंदणीचा नंबर दिला, आणि लेकीने तो नोंदणीच्या कचेरीत फोन करून ताडूनही पाहिला. “गुण येईल का?” ह्यावर बाई म्हणाल्या, “काहींना येतो, काहींना नाही. बघितल्याशिवाय कसं सांगू?”

“हमीसुद्धा देत नाही बाई!” मास्तर तणतणले. “मी असं म्हटलं असतं, की कोट बसेल किंवा नाही बसणार, तर दुकान चाललं असतं?”

तरी गेले. एकटे नव्हे, सहकुटुंब. लेक आत, मास्तरीणबाई आणि मेहुणा बाहेरच्या बाकावर.

डॉक्टरीणबाईंनी आधी प्रश्न विचारले. फार प्रश्न! झोप कशी लागते, रक्तदाब आहे का, पूर्वी कधी चक्कर आली होती का.

“रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेता?”

“गोळ्या कशाला? बाहेर मेहुणा बसलाय. रक्ताचं पाणी करायला तो पुरतो.”

“बाबा!” लेकीने डोळे वटारले.

मग बाईंनी पाकीट फोडलं आणि सुई दाखवली. केसासारखी बारीक, मागे तारेची गुंडाळी. मास्तरांनी ती निरखली. उलटी केली. पुन्हा निरखली. त्यांचा चेहरा लाल झाला.

“हिला नेढं नाही!”

“नसतंच,” बाई म्हणाल्या.

“नसतंच? नेढं नाही तिला सुई म्हणता? ही टाचणी झाली! उद्या म्हणाल, कात्रीला पातं नसतंच!”

“मास्तर, मला दोरा ओवायचा नाहीये. टोचताना मुंगी चावल्यासारखं होईल, मग जड वाटेल, थोड्या मुंग्या येतील. जास्त दुखलं तर लगेच सांगा. आता खिसे रिकामे करा, विजार गुडघ्यापर्यंत वर घ्या आणि आडवे व्हा.”

“आणि शर्ट?”

“राहू दे. खांद्याला आज सुई लावणारच नाही.”

मास्तर उठून बसले. “काय?”

“दोन पायांना लावीन. दोन डाव्या हाताला.”

“दुखतोय उजवा खांदा!” मास्तरांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत पोचला. “आणि सुया पायाला नि डाव्या हाताला? गिऱ्हाईक म्हणालं कॉलर आवळतेय, तर मी काय त्याच्या विजारीची शिलाई उसवू?”

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “कोट पाठीत ओढतोय अशी तक्रार आली, तर तुम्ही कुठे उसवता?”

“मुंढ्यात,” मास्तर पटकन बोलून गेले. “बगलेशी. ओढ दिसते एकीकडे, चूक असते...” आपल्याच तोंडाने आपल्याला हरवलं ह्याचा त्यांना इतका संताप आला की ते मुकाट आडवे झाले.

डावा हात पोटावर, उजवा बाजूला. खिसे रिकामे केले होते. कॉलर म्हणजे काही खिसा नव्हे, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचं कुणाला सुचलं नाही.

पहिली सुई नडगीपाशी. मास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडण्यासारखं काही झालंच नाही! त्याचाही त्यांना राग आला. दुसरी दुसऱ्या पायाला. तिसरी डाव्या कोपराशी, चौथी डाव्या अंगठ्याच्या बेचकीत. हात जड झाला, भिजल्या लोकरीसारखा.

“आता हलायचं नाही. मी थोड्या वेळाने येते. काही वाटलं तर ही घंटी दाबा,” बाई म्हणाल्या, दिवा मंद केला आणि लेकीला घेऊन बाहेर गेल्या.

मास्तर छताकडे बघत चिडत राहिले. नेढं नसलेल्या सुया! मनात म्हणाले, उठतो आणि खडसावतो. पण खोलीत पंख्याचा आवाज होता, शिवणयंत्राच्या चाकासारखा एकसुरी, आणि कितीतरी दिवसांत मास्तरांना धड झोप लागली नव्हती. चिडता चिडता पापण्या मिटल्या. रेशमाच्या लाटा आल्या. टेबलाखाली कुणीतरी इवलासा श्वास घेऊ लागलं. पुढं पुढं सुई चाले...

“मास्तर, उठा. झालं.”

डॉक्टरीणबाई सुया काढत होत्या. पायाच्या दोन. कोपराची एक. मग त्या थांबल्या. डाव्या अंगठ्याची बेचकी त्यांनी उलटीसुलटी पाहिली.

“इथली सुई कुठे गेली?”

“मला विचारता?” मास्तर ताडकन बसले. “मी गिऱ्हाइकाला विचारतो का, तुमची बाही कुठे गेली म्हणून?”

“तुम्ही हललात का?”

“मी? तसूभर नाही! डोळासुद्धा मिटला नाही!”

“घोरत होतात, बाबा,” दारातून लेक म्हणाली. “बाहेर ऐकू येत होतं.”

बाईंनी चादर झटकली, उशी झटकली, जमिनीवर टॉर्च मारला. “सुई मिळाल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, कुणी इथून हलायचं नाही,” त्यांनी बजावलं. “कुणाच्या पायात गेली तर?”

“पायात!” मास्तरांच्या डोक्यात लख्ख वीज चमकली. “अहो, पायात नाही गेली! आत गेलीय! माझ्या आत!”

“जाऊ शकत नाही. मागे गुंडाळी असते, ती अडते.”

“आत्ता दंडात होती. आता इथे आली, बरगडीत! ही बघा, सरकली!”

“मास्तर, ती भूक असेल.”

“मी जन्मात एक सुई हरवू दिली नाही! एक! गिऱ्हाइकाच्या कोटात माझी टाचणी राहिली असं कुणी दाखवावं, दुकान बंद करीन! आणि तुम्ही शिकल्यासवरल्या बाई, चार सुया सांभाळता येत नाहीत? कुठेय तो नोंदणीचा नंबर? मी त्या कचेरीत जातो!”

हे सगळं बाहेरच्या बाकावर पोचत होतं. नंबर यायची वाट बघणारी एक बाई पर्स छातीशी धरून निघून गेली, एका म्हाताऱ्याचा दुखरा गुडघा न टोचताच बरा झाला आणि तो जिना धडाधड उतरला. मास्तरीणबाई डोळ्याला पदर लावून आत धावल्या.

“अगं बाई, ह्यांच्या अंगात सुई फिरतेय?”

“फिरतेय!” मास्तर करुणपणे म्हणाले. “काळजाकडे चाललीय. ऐक, लेकीचा झगा... खडूच्या रेघेच्या बाहेरून कापायला सांग. शिवणीला जागा...”

“दाजी, तोंड मिटा, ती वर येईल!” मेहुणा ओरडला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला उपयोगी कल्पना सुचली. “लोहचुंबक! तुमच्या दुकानातलं! टाचण्या गोळा करायचं!”

दुकान दोन चौकांवर. मेहुणा गेला आणि धापा टाकत आला. हातात मास्तरांचं ते जुनं, घोड्याच्या नालाएवढं लोहचुंबक, ज्याने ते दिवेलागणीला दुकानाची जमीन विंचरत.

“हे बघा, ह्याची काही गरज नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण सुई गेली कुठे, हे त्यांनाही कळत नव्हतं.

“फिरव!” मास्तरांनी हुकूम दिला आणि शहीद होणाऱ्याच्या थाटात डोळे मिटले.

मेहुण्याने पायापासून सुरुवात केली. नडगी, काही नाही. मांडी, काही नाही. पोटावरून चुंबक हळूहळू सरकलं. मास्तरीणबाईंनी श्वास रोखला. बरगडी, काही नाही. काळीज, काही नाही. मेहुण्याने हात आणखी वर नेला, आणि...

टक्!

मास्तरांची डावी कॉलर उडी मारून चुंबकाला चिकटली. गळा आवळून मास्तर खोकू लागले. लेकीने कॉलर सोडवली आणि दुमड उलटली. तिथे त्यांच्या टाचण्या ओळीत बसलेल्या, आणि ओळीच्या शेवटी, शिस्तीत, सरळ, मास्तर खोचतात तशीच खोचलेली एक केसासारखी बारीक सुई. मागे तारेची गुंडाळी. नेढं नाही.

सगळ्यांनी आधी कॉलरकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

“ही माझी नाही,” मास्तर म्हणाले.

“माझी आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ती सुई त्यांनी आधी फेकायच्या डब्यात टाकली.

“बघा! बघा ह्यांचा कारभार!” मास्तरांना पुन्हा जोर चढला. “माझ्या कॉलरमध्ये खोचून ठेवली आणि सगळ्या जगाला शोधायला लावलं!”

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “सुई तुमच्या डाव्या हातात होती. डाव्या हाताने डाव्या हातातली सुई कशी निघेल? ती काढली उजव्याने. आणि कॉलरमध्ये खोचली तीही उजव्यानेच.”

“काय बोलतेस! उजवा वर येतो का माझा? कितीदा सांगू तुम्हाला? कुणाला खरंच वाटत नाही! हा बघ! हा हात इथे खिशापर्यंत येतो, आणि इथे...”

आणि मास्तरांनी संतापाच्या भरात हात उचलून दाखवला. हात खिशाशी आला. कळ आली, मास्तरांचा ओठ वाकडा झाला, पण हात थांबला नाही. बटण ओलांडून, गळ्याशी, थरथरत थरथरत थेट कॉलरवर जाऊन टेकला.

तिथेच राहिला. मास्तर त्याच्याकडे असे बघू लागले, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात होता आणि विचारल्यावाचून येऊन बसला होता.

“अहो!” मास्तरीणबाई म्हणाल्या. लेकीने बापाच्या गळ्यात हात टाकला, सवयीप्रमाणे उजवीकडूनच.

“लगेच उड्या मारू नका,” डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. “सांधा पुरता धरला नव्हता, दुखेल ह्या धास्तीने हात आवळला होता. झोपेत धास्ती सुटली. त्यात सुईचं किती, झोपेचं किती, हे मी छातीठोक सांगणार नाही. व्यायाम चालू ठेवा. आणखी काही बैठका लागतील.”

“पुन्हा हमी नाहीच!” मास्तर पुटपुटले, पण पुटपुटताना हात आणखी एकदा कॉलरला लावून आले.

मोतिया रेशीम त्यांनी दुसऱ्याच सकाळी कापलं. सावकाश, मध्ये मध्ये थांबत, दातओठ खात; पण स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या कात्रीने. लेक टेबलाशी उभी राहून कापड धरत होती, आणि मास्तर तिला म्हणत होते, “त्या बाईंनी माझी बदनामी केली. सगळ्या गल्लीला कळलं. मी झोपेत सुई चोरतो म्हणून!”

“चोरली कुठे? जागेवर ठेवलीत.”

“तेच तर! कायदा आहे तो! सुई उघडी ठेवायचीच नाही! आणि त्याची मला ही शिक्षा?”

शिक्षा खरीच होती. पुढच्या बैठकीची वेळ देताना डॉक्टरीणबाईंनी एक अट घातली होती, आणि ती त्या कुणासाठीही सोडायला तयार नव्हत्या. कॉलर घालून यायचं नाही! मास्तरांनी पुष्कळ वाद घातला. पण त्यांच्या कपाटात होते ते सगळे शर्ट त्यांनी स्वतः शिवलेले, आणि एकूण एक कॉलरवाले. नवा बिनकॉलरचा शिवावा, तर हातातल्या झग्याला काजं करायची होती, बाह्या लावायच्या होत्या.

म्हणून एका भर दुपारी, रस्त्यावर कुणी नाही असं बघून, मास्तरांनी रस्ता ओलांडला. समोरच्या दुकानात शिरले. दोरीला फाशी गेलेल्या गोल गळ्याच्या शर्टांकडे बोट दाखवून, दुसरीकडे बघत म्हणाले, “एक द्या.”

रेडीमेडवाल्याने मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग अगदी आदराने, कमरेत वाकून विचारलं,

“या, मास्तर! काय माप आपलं?”

आणि ज्याने सगळ्या गावाची मापं तोंडपाठ केली होती, त्या माणसाला आपलं स्वतःचं माप काही केल्या आठवेना!